कोबाल्ट, कांदा आणि कायदा

२०२५च्या मे महिन्यात भारतातून विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडल्या. तक्रार किडीची नव्हती, फळ सडल्याचीही नव्हती. ८ आणि ९ मे रोजी मुंबईत त्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया होऊन तो निघाला होता. अडलं ते 'पीपीक्यू २०३' नावाच्या एका फॉर्मवर. तो नियमाप्रमाणे दिला गेलेला नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं. निर्यातदारांना सांगण्यात आलं की माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. पिकायला आलेला आंबा पुन्हा विमानभाडं भरून आणण्यात अर्थ नव्हता. तो नष्ट झाला. नुकसानीचा आकडा पाच लाख डॉलरच्या आसपास सांगितला गेला.

बातमी वाचून आपल्याकडे अनेकांनी कपाळावर हात मारला. लालफितीचा कारभार आपल्याकडेच असतो असं थोडंच आहे, असंही कोणी म्हणालं. पण त्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. हातात आंबा आहे. रंग आंब्याचा, वास आंब्याचा. त्यावर किरण टाकले आहेत की नाहीत, हे बघून, हुंगून, कापून काही कळत नाही. इतकंच काय, आत जिवंत किडा निघाला तरी प्रक्रिया झालेली नाही असं सिद्ध होत नाही, कारण आंब्याला दिली जाणारी मात्रा किडा मारण्यासाठी नसतेच मुळी. त्याची वीण थांबली की झालं. तो अमेरिकेत पोहोचला तरी त्याचा वंश वाढणार नाही, एवढीच अपेक्षा. म्हणजे प्रक्रिया झाल्याचा पुरावा फळावर नाही, फळाच्या पोटातल्या किड्यावरही नाही. तो फक्त कागदावर आहे.

अन्नाच्या नव्या तंत्रज्ञानावर सरकारने नियंत्रण कसं ठेवावं, या प्रश्नाला विकिरणाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल. साठ-सत्तर वर्षं त्याची छाननी चालू आहे. त्या छाननीतली काही महत्त्वाची प्रकरणं आपल्या देशात आणि आपल्या राज्यात घडली आहेत.

आधी प्रक्रिया समजून घेऊ. कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी मूलद्रव्य पोलादी नळ्यांत बंद केलेलं असतं. नळ्या एरवी बहुधा खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात, कारण पाणी किरण अडवतं. काम सुरू करायचं असलं की त्या वर उचलायच्या आणि दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत खोकी त्यांच्याभोवती फिरवायची. कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण खोक्याच्या आरपार जातात. जाताना वाटेतल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे करतात. माणूस आत जात नाही, अन्न कोबाल्टला शिवत नाही. कोबाल्टऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत किंवा क्ष-किरण वापरूनही हे करता येतं.

मात्रा मोजायचं एकक आहे ग्रे. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून साठ ग्रेच्या आसपास मात्रा पुरते. फळातल्या किडीसाठी काही शे ग्रे, मसाल्यांतले जंतू मारायला सहा ते चौदा हजार. अमेरिकी अंतराळवीरांसाठीच्या गोठवलेल्या मांसाला किमान ४४ हजार. या आकड्यांशेजारी एक वेगळा आकडा ठेवून बघा: माणसाच्या सर्वांगाला एकदम चार-पाच ग्रे मिळाले तर तो वाचण्याची शक्यता निम्मीच उरते. म्हणजे कांद्याला दिलेली मात्रा माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या मात्रेच्या दहापटीहून जास्त आहे, आणि तरी कांद्याला काही होत नाही. याचं कारण असं की किरणांचा घाव बसतो तो वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या पेशींवर. कांद्यात अशा पेशी फक्त मधल्या कोंबाच्या टोकाशी असतात. बाकीचा कांदा तसाच राहतो. ऊर्जा म्हणून पाहिलं तर ही रक्कम अगदी किरकोळ. दहा हजार ग्रेने पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं.

मग अन्न किरणोत्सारी होतं का? लोक हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. उत्तर 'नाही' असं आहे आणि ते विश्वासावर सोडलेलं नाही. एखाद्या अणूचं केंद्रक बिघडवायचं तर किरणाच्या ऊर्जेला एक उंबरठा ओलांडावा लागतो. कोबाल्टचे किरण १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जात नाहीत आणि तो उंबरठा त्याच्या बराच वर आहे. यंत्राने तयार केलेल्या किरणांना मात्र निसर्गाची अशी मर्यादा नसते, म्हणून ती नियमात घातली आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार इलेक्ट्रॉनांसाठी १० आणि क्ष-किरणांसाठी ५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. तुमच्या-आमच्या दवाखान्यातली एकदाच वापरायची सिरिंजही बहुधा अशाच किरणांनी निर्जंतुक झालेली असते. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात हे काम १९७४ पासून चालतं. सुई थेट रक्तात जाते, पण तिच्यावरून कधी मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

तंत्र निर्दोष आहे असं मात्र नाही. दुधाला किरण दिले तर वास बिघडतो. चरबी जास्त असलेल्या पदार्थांना खवट चव येऊ शकते. ब-१ जीवनसत्त्व घटतं. आणि सडण्याच्या मार्गावर असलेलं अन्न किरण देऊन ताजं होत नाही. जंतू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेलं विष तिथेच राहतं.

या तंत्राला कायद्याने पहिली घट्ट पकड घातली ती अमेरिकेत, १९५८ साली. त्या वर्षी खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या रसायनांसाठी नवा कायदा झाला. तोवर रसायन घातक आहे हे सरकारने सिद्ध करायचं असे. आता ते निर्धोक आहे हे कंपनीने आधी सिद्ध करायचं, मगच बाजारात आणायचं, असं ठरलं. हा बदल फार मोलाचा होता आणि आजही जगातल्या बहुतेक अन्नकायद्यांचा कणा तोच आहे. पण त्याच कायद्यात विकिरणाचा समावेश अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांत केला गेला. किरण अन्नात मिसळत नाहीत, ते आरपार निघून जातात, हे खासदारांना ठाऊक नसेल असं नाही. पण अणुबॉम्बच्या सावलीतला तो काळ होता. नव्या गोष्टीला सर्वांत कडक खणात टाकणं त्यांना शहाणपणाचं वाटलं असावं.

पेच पडला तो चाचणीचा. रसायनाची चाचणी कशी करतात? माणूस जेवढं खाईल त्याच्या शंभरपट उंदराला द्यायचं आणि दोन वर्षं बघायचं. रंग, गोडी, परिरक्षक यांच्या बाबतीत हे जमतं, कारण ते चिमूटभर लागतात. कांदा शंभरपट कसा देणार? उंदराच्या ताटात निम्मा कांदा घातला तरी तो कांद्यानेच आजारी पडेल, किरणांचा संबंधही येणार नाही. मग प्रयोग करणारे आहारात विकिरित पदार्थाचं प्रमाण वाढवत नेत. त्याने आहाराचा तोल जाई, एखादं जीवनसत्त्व कमी पडे, उंदराची पिल्लं अशक्त निघत, आणि दोष किरणांचा की आहाराचा हे कळेनासं होई. मोजमापाचं साधन चुकीचं आहे हे मान्य व्हायला वीस-बावीस वर्षं गेली.

मधल्या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६३ साली विकिरित डबाबंद बेकनला परवानगी दिली आणि १९६८ साली ती काढून घेतली, कारण लष्कराने सादर केलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्रुटी निघाल्या. लष्कराने नवे प्रयोग करून घेण्याचं काम ज्या खासगी प्रयोगशाळांना दिलं, त्यांतली एक इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही होती. या प्रयोगशाळेने कीटकनाशकं आणि औषधांचे कित्येक अहवाल खोटे रचल्याचं सत्तरच्या दशकात उघड झालं. पुढे तिच्या अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. 'निर्धोक आहे हे कंपनीने सिद्ध करावं' या सुंदर तत्त्वाची काळी बाजू ही. सिद्ध करणारा प्रयोगशाळेला पैसे देतो, आणि सरकार वाचतं तो अहवाल.

जर्मनीत तर गंमतच झाली. १९५७ साली श्टुटगार्टजवळ मसाल्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करणारं जगातलं पहिलं व्यापारी यंत्र सुरू झालं आणि १९५९ साली नव्या कायद्याने विकिरणावर बंदी आल्यामुळे ते मोडून टाकावं लागलं.

आता हैदराबाद. १९७५ साली तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांचा एक निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. कुपोषित अशा पंधरा मुलांचे पाच-पाचचे तीन गट केले होते. एका गटाला साध्या गव्हाचा आहार, दुसऱ्याला नुकतेच किरण दिलेल्या गव्हाचा, तिसऱ्याला किरण देऊन काही आठवडे साठवलेल्या गव्हाचा. ताजा विकिरित गहू खाणाऱ्या मुलांच्या रक्तात गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या पेशी दिसल्या, आणि तो गहू थांबवल्यावर त्या हळूहळू नाहीशा झाल्या, असा निष्कर्ष होता. निबंध जगभर गाजला. विकिरणाला विरोध करणाऱ्या प्रत्येक पत्रकात त्यानंतर कित्येक वर्षं तो होता, आजही असतो.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर असेच प्रयोग केले. त्यांना तसं काही आढळलं नाही. दोन्ही संस्था सरकारी, दोन्ही नामांकित, आणि दोघींची उत्तरं एकमेकींच्या उलट. मग सरकारने दोन जणांची समिती नेमली. एक होते आनुवंशिकीचे अभ्यासक पी. सी. केशवन आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी जगातल्या भुकेची मोजदाद केली होती. पेशी मोजण्याच्या भांडणात संख्याशास्त्रज्ञाला पंच नेमणं, हा त्या काळातल्या आपल्या प्रशासनाचा एक मोठा शहाणपणा म्हटला पाहिजे.

१९७६ साली समितीने दिलेला निर्णय पोषण संस्थेच्या विरोधात गेला. आकडे आपसात जुळत नाहीत आणि जीवशास्त्रातल्या प्रस्थापित गोष्टींशीही जुळत नाहीत, असं समितीचं मत पडलं. मुख्य आक्षेप समजायला सोपा आहे. अशा जादा संचाच्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही थोड्याफार असतात, आणि माणसागणिक त्यांचं प्रमाण बदलतं. साधा गहू खाणाऱ्या मुलांत त्या शून्य निघाल्या, हेच आधी विचित्र. शिवाय पाच मुलं आणि प्रत्येकाच्या मोजक्या पेशी. एवढ्या छोट्या नमुन्यात एक-दोन पेशी इकडच्या तिकडे झाल्या तरी निष्कर्ष फिरतो. पुढे चीनमध्ये चारशेहून जास्त निरोगी स्वयंसेवकांना विकिरित अन्न देऊन पाहिलं, त्यांतही विकिरणाचा अनिष्ट परिणाम दिसला नाही.

संख्याशास्त्र आपल्या जागी बरोबर आहे. पण हा सगळा वाद वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. ज्या पदार्थाबद्दल शंका होती तो कुपोषित लेकरांना देऊन पाहावा, यावर त्या काळात नमुना लहान की मोठा एवढीच चर्चा झाली. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग होऊ देणार नाही. नियम फक्त बाजारातल्या अन्नाला लागत नाहीत, तपासणाऱ्यालाही लागतात, हे भान यायला अजून वेळ होता.

१९८० साली जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कोंडी फोडली. एकेका पदार्थाची स्वतंत्र उंदीर-चाचणी करत बसण्यापेक्षा किरणांनी अन्नात रासायनिक बदल कोणते होतात ते बघा, असं रसायनशास्त्र तोवर सांगू लागलं होतं. ते बदल थोडे होते, बहुतेक स्वयंपाकाच्या उष्णतेनेही होणारे होते, आणि सारख्या जातीच्या पदार्थांत सारखेच होते. सरासरी दहा हजार ग्रेपर्यंत कोणत्याही अन्नाला विषारीपणाचा धोका नाही, असं समितीने जाहीर केलं. १९८३ साली आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ते आलं. तरीही युरोपीय संघाने सामाईक यादीत घातला तो वाळलेल्या वनस्पती आणि मसाल्यांचा एकच गट. शास्त्राचं उत्तर आलं की धोरणाचं उत्तर आपोआप येतं, असं समजणाऱ्यांनी युरोपकडे जरूर पाहावं.

भारतात हा विषय दोन दारांतून जातो. प्रकल्प कुठे उभा राहणार, भिंत किती जाड, कोबाल्ट कोणाच्या ताब्यात, हे अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि अणुऊर्जा नियामक मंडळ ते बघतं. कोणत्या पदार्थाला किती मात्रा आणि लेबलवर काय लिहायचं, हे अन्नकायद्याखाली. १९९४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत बदल होऊन कांदा, बटाटा आणि मसाले यांना परवानगी मिळाली. पुढे १९९८ मध्ये आणि त्यानंतर आंबा, रवा, मनुका वगैरे एकेक पदार्थ यादीत चढत गेला. ही पद्धत किती गैरसोयीची, ते सांगायला नको. लसूण यादीत असला आणि सुरण नसला तर सुरणासाठी नवा अर्ज. २०१२ च्या अणुऊर्जा नियमांत पदार्थांऐवजी वर्ग केले: कंद-मुळं-गड्डे एक वर्ग, ताजी फळं-भाज्या दुसरा, धान्य-कडधान्य तिसरा, असं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेच वर्गीकरण २०१६ मध्ये स्वीकारलं. मूळ कायदा मात्र कडकच आहे. अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २२ मध्ये जनुकबदल केलेलं अन्न, नवखं अन्न यांच्या रांगेत विकिरित अन्नही बसवलेलं आहे, आणि नियमांनी मोकळीक दिल्याशिवाय ते बनवता, विकता, आणता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा केंद्राने 'कृषक' नावाचा विकिरण प्रकल्प उभारला, तो २००२ च्या सुमारास सुरू झाला. जागा अचूक निवडलेली. कांद्याच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या दारातच प्रकल्प आणला. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत भरला जातो. खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, देशाला तोच पुरवायचा. पाऊस लागला की चाळीत कोंब फुटायला लागतात, वजन घटतं, सडतो. किरण दिला तर कोंब कायमचा थांबतो. कागदावर याहून चांगला जोडा नाही.

प्रत्यक्षात लासलगावचं केंद्र गाजलं ते आंब्यासाठी. हे असं का झालं, हे नुसता सुरक्षेचा कायदा वाचून कळणार नाही. किरण फक्त कोंब थांबवतो. सडणं आणि वजन घटणं हवेवर आणि साठवणीवर अवलंबून असतं, ते चालूच राहतं. किरण द्यायचा तोही काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, कांदा झोपेत असताना. उशीर झाला तर उपयोग कमी. म्हणजे शेतकऱ्याने ऐन हंगामात कांदा निवडायचा, गाडीत भरायचा, केंद्रावर न्यायचा, किलोमागे पैसे मोजायचे, पुन्हा भरून चाळीत आणायचा, आणि चार महिन्यांनी भाव काय मिळेल याची वाट बघायची. भाव पावसावर अवलंबून असतो तेवढाच दिल्लीवरही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ पर्यंत राहिली. ज्याला पुढच्या महिन्यातला भाव माहीत नाही त्याने सहा महिन्यांच्या टिकाऊपणावर खर्च करावा, हा सल्ला द्यायला सोपा आहे. शिवाय कांद्याचा आणि आंब्याचा हंगाम एकच. केंद्रापुढे कांद्याची गोणी आणि हापूसची पेटी एकाच वेळी आली तर खर्च कोणाला परवडतो, हे उघड आहे.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने राखीव साठ्यातल्या सुमारे एक लाख टन कांद्यावर विकिरण करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात लघु व मध्यम उद्योगांसाठी पन्नास बहुउपयोगी विकिरण केंद्रांना अर्थसाहाय्य देण्याची घोषणा झाली. साठा सरकारचा असेल तर भावाची जोखीमही सरकारची, म्हणून हा मार्ग मला शेतकऱ्याच्या गळ्यात खर्च घालण्यापेक्षा बरा वाटतो.

आंब्याचं प्रकरण मात्र चोख जमलं. फळमाशी आणि कोयीत दडून बसणारा भुंगा यांच्या भीतीने भारतीय आंब्याला अमेरिकेत १९८९ पासून प्रवेश नव्हता. कोयीतला भुंगा ही खरी अडचण होती. वरून फळ निष्कलंक, आणि तो आत. गरम पाण्याने किंवा वाफेने कोयीपर्यंत उष्णता पोहोचवायची तर गर शिजतो. गॅमा किरणांना गर आणि कोय सारखीच. २००६ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने बहुतेक सगळ्या किडींसाठी एकच सामाईक मात्रा ठरवली: ४०० ग्रे. प्रत्येक फळासाठी, प्रत्येक किडीसाठी वेगळा प्रयोग मागण्याची पद्धत तिथे संपली. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले आणि आंब्याची बोलणी मार्गी लागली. बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना भारताचं दार उघडलं, ही चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत रंगली होती. २००७ च्या एप्रिलअखेर लासलगावहून प्रक्रिया होऊन गेलेल्या आंब्याच्या पहिल्या १५० पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या.

या ४०० ग्रेमध्ये एक बारकी गोम आहे. कृषी खातं म्हणतं ४०० हून कमी नको. अन्न व औषध प्रशासन म्हणतं फळाला १००० हून जास्त नको. पेटी किरणांसमोरून जाते तेव्हा कडेच्या फळाला जास्त आणि मधल्याला कमी मात्रा मिळते. दोन्ही अधिकाऱ्यांचं समाधान करायचं तर पेटी किती मोठी, आंबे कसे रचलेले, पट्टा किती वेगाने फिरतो, हे सगळं आधी मोजून ठरवावं लागतं. त्यासाठी पेटीत जागोजागी मात्रामापक ठेवून नकाशा काढतात. कोबाल्टही दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणून वेळ सतत वाढवत न्यावी लागते. फॉर्मवर जी सही होते ती या सगळ्या हिशेबाची असते. अमेरिकेचा निरीक्षक इथे येऊन तो तपासत असे. कोविडच्या दोन हंगामांत तो येऊ शकला नाही, तर निर्यातच बंद राहिली. आंबा होता, केंद्र होतं, कोबाल्ट होता, पण बघणारा नव्हता.

लेबलचं काय? विकिरित अन्नाच्या पाकिटावर हिरवं 'रॅडुरा' चिन्ह, किरण दिल्याची तारीख, केंद्राचा परवाना क्रमांक आणि विकिरणाचा हेतू हे आपल्याकडे बंधनकारक आहे. उद्योगाचं रडगाणं असं की या लेबलने गिऱ्हाईक पळतं. १९९२ साली शिकागोजवळच्या एका फळ-भाजीच्या दुकानदाराने विकिरित स्ट्रॉबेरी पाटी लावून, माहिती देऊन, साध्या स्ट्रॉबेरीशेजारी विकायला ठेवल्या, तेव्हा विकिरित जास्त खपल्या. कारण त्या घरी जाऊन दोन दिवसांत बुरसत नव्हत्या. लेबल काढून टाकण्याच्या मागणीला माझा विरोध आहे. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही ती सांगणं, एवढं तरी विकणाऱ्याने केलंच पाहिजे. अमेरिकेत मात्र तयार पदार्थात घातलेला विकिरित मसाला सांगावा लागत नाही, उपाहारगृहातही नाही. युरोपात चिमूटभर असला तरी लिहावा लागतो. विकिरणाला कमी मोकळीक देणारा युरोप, आणि प्रामाणिकपणाही त्याचाच जास्त.

'निर्धोक' हा शब्दही मात्रेशिवाय वापरू नये. ऑस्ट्रेलियात २००८-०९ मध्ये कित्येक पाळीव मांजरींचे मागचे पाय लुळे पडले, काही मेल्या. त्या सगळ्या आयात केलेलं एक विशिष्ट कोरडं खाद्य खात होत्या. ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरण नियमांनुसार त्याला पन्नास हजार ग्रेहून जास्त मात्रा दिली गेली होती. कुत्र्यांना काही झालं नाही. २००९ मध्ये तिथे मांजरांच्या खाद्यावर विकिरण करायला बंदी आली. रोज, तिन्ही त्रिकाळ, तेच एक खाद्य आणि तेही प्रचंड मात्रेचं: कांद्या-आंब्याशी याची तुलना होत नाही. पण प्रयोगशाळेतले उंदीर जे सांगू शकले नव्हते ते मांजरांनी सांगितलं, हे नोंदवून ठेवावं लागतं.

आणि विकिरण नको म्हटलं की त्या जागी काय येतं, हेही बघावं लागतं. हळद, मिरी, मिरची मातीत-अंगणात वाळतात, जंतू त्यांच्यात असतातच. ते मारायचा दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेलं आहे. युरोपात तो अन्नावर वापरता येत नाही. २०२० मध्ये भारतीय तिळात त्याचे अंश सापडले आणि युरोपभर पाव-बिस्किटांपासून सगळं दुकानांतून परत मागवावं लागलं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने दोन नामांकित भारतीय ब्रँडचे काही मसाले याच कारणाने बाजारातून काढायला लावले. त्यानंतर इथे बरीच धावपळ झाली, नमुने गोळा झाले. वाशीला मसाल्यांसाठीचं सरकारी विकिरण केंद्र मात्र २००० सालापासून चालू आहे. तिथून निघणाऱ्या मिरचीपुडीच्या पाकिटावर हिरवं चिन्ह आणि तारीख छापावी लागते. वायूची धुरी दिलेल्या पाकिटावर तसं काहीच छापावं लागत नाही.